काळ्या दोऱ्याचं भिंग

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिराने वडिलांची, म्हणजे नानांची, पेटी उघडली आणि स्वयंपाकघरात तिच्या वहिनीच्या, समीक्षाच्या, हातून घावण्याचं पीठ तव्याबाहेर सांडलं. पेटीच्या बिजागरीचा आवाज तिने बरोबर ओळखला. वर्षभर ती या आवाजाची धास्ती घेऊन होती, आणि कणकवलीहून इथे आली की पहिल्यांदा खाटेखाली वाकून पेटी जागेवर आहे ना ते बघायची.

गावड्यांच्या घरात कर्त्या माणसाच्या हत्याराला वर्ष होईपर्यंत हात लावत नाहीत. नांगर असता तर हा रिवाज कितपत टिकला असता कोण जाणे, पेरणी कुणासाठी थांबत नाही. पण नाना पडले फोटोग्राफर. त्यांचा मोठा लाकडी कॅमेरा आणि त्याची दोन भिंगं घरातल्या दुसऱ्या कुणी कधी वापरलीच नव्हती. हिरा स्टुडिओत रंगीत फोटो काढायची तो कॅमेरा वेगळा, तिचा स्वतःचा. त्यामुळे पेटी वर्षभर गप्प राहिली आणि रिवाज पाळल्याचं पुण्यही सगळ्यांना फुकटात मिळालं.

"आये," बाहेरून हिराचा आवाज आला, "दोरे खंय?"

समीक्षाने गॅस बारीक केला.

या दोऱ्यांचं प्रकरण कट्टा गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. समीक्षा खारेपाटणची, तिला मात्र लग्न होऊन आल्यावर खुद्द नानांनी बसवून सांगितलं होतं. साठ साली त्यांनी एसटी स्टॉपसमोर 'यशोदा फोटो स्टुडिओ' काढला तेव्हा मुंबईहून कॅमेरा आणला एक आणि भिंगं आणली दोन. दोन्ही जर्मन, पितळेची, नारळाच्या करवंटीएवढी, आणि कोरलेल्या नंबरात फक्त एकाचा फरक. लोक हसले. नान्याने एका मांडवात दोन जुळ्या बहिणींशी लगीन लावलं, म्हणाले. पण नानांच्या मनात सगळं ठरलेलं होतं. एक भिंग लग्नाला, मुंजीला, जत्रेला. त्याला आणि त्याच्या डब्याला तांबडा दोरा. दुसरं मर्तिकाला, त्याला काळा. त्या काळात पुष्कळ म्हाताऱ्यांचा जन्मात एकच फोटो निघायचा आणि तो काढताना त्या डोळे मिटून पडलेल्या असायच्या. ज्या भिंगाने मढं बघितलं त्याने व्हकल बघायची नाही, नव्या नवरीवर सावली नको, हा नानांचा नेम. पुढे रंगीत फोटो आले, व्हिडिओवाले आले, तरी लग्नातला जोडप्याचा मानाचा काळा-पांढरा फोटो नानांनीच काढायचा असं पंचक्रोशीने धरून ठेवलं ते या नेमापायी.

हिरा दोन्ही हातांत दोन डबे घेऊन दारात येऊन उभी राहिली. पस्तिशीची, सडसडीत, केस घट्ट बांधलेले. लग्न केलं नाही, करायला कुणी फार जोरही केला नाही, कारण नानांना डार्करूममध्ये तिच्यासारखा हात दुसरा मिळाला नसता.

"डबे सारखे, आत भिंगां सारखी, आणि दोरो एकावय नाय," ती म्हणाली. "आये, कोणी काढले?"

तिची आई शेवंती चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मी काढले," समीक्षा म्हणाली. एकदाचं बोलून टाकलं. "तेराव्याक घर धुतला, तेव्हा पेटीय पुसलंय. दोरे मळान काळे झालेले. माका वाटला, सुतकातली वस्तू, घरात कित्याक ठेवा? कापून न्हाणीच्या चुलीत घातलंय. मगे रात्री आठवला नाना काय बोललेले ता."

"अगो, पण काळो कापूचो. तांबडो कित्याक कापलंस?"

"दोनय सारखेच मळलेले. खयचो काळो नि खयचो तांबडो, माका काय कळतला?"

ओटीवर पेपर वाचत बसलेला निलेश हे ऐकून मोठ्याने हसला. तो कणकवलीला हायस्कुलात शिकवायचा, समीक्षाचा नवरा आणि हिराचा मोठा भाऊ. "बरा केलंस बायले! आता भांडणच मिटला. अकरा वाजता तो निकेत येतलो, दोनय भिंगां तेका देवया नि मोकळे होवया."

हिराला हसू आलं नाही. कोल्हापूरचा हा निकेत जुने कॅमेरे जमवायचा. निलेशने त्याला पत्र लिहून जुन्या पावतीवरचे नंबर कळवले होते, आणि लागोपाठच्या नंबरांची जोडी म्हटल्यावर त्याने चांगला आकडा सांगितला होता. त्या पैशांत हिराला डिजिटल कॅमेरा आणि फोटो छापायचं लहान मशीन घेता आलं असतं. गरज तिचीच होती, हे तीही नाकारत नव्हती. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख लागली होती, सतरा दिवस राहिले होते. दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेत शेजारच्या मंडपात कुडाळचा एकजण पाच मिनिटांत फोटो हातात देत होता आणि हिरा गिऱ्हाइकांना सांगत होती, पत्ता लिहून ठेवा, आठ दिवसांनी पोस्टाने येईल. माणसं तिच्या पडद्यासमोर केस विंचरायची आणि फोटो काढायला तिकडे जायची. गेल्या वर्षी सुतक म्हणून दुकान लागलंच नाही. यंदाही नाही लागलं तर पुढच्या वर्षी यशोदा स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान येणार, हे कट्ट्यातली शेंबडी पोरंही सांगत होती.

म्हणून ती एक भिंग विकायला तयार झाली होती. काळ्या दोऱ्याचं. मर्तिकाचे फोटो आता कोण काढतो? पण तांबड्याचं भिंग ती देणार नव्हती. त्यातून नानांनी हजार जोडपी बघितली होती.

"दोनय देवचंय नाय," ती म्हणाली. "एकच देतलंय. आणि खयचा ता कळल्याशिवाय तेवय नाय."

"मगे कोण सांगतलो तुका खयचा ता?"

"देवी सांगतली," दारातून भाईंचा आवाज आला. नानांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे. त्यांना कुणी बोलवावं लागत नसे. या घरातला आवाज चढला की ते सुपारीच्या कुळागरातून थेट येत. "कौल लावया. मी धुतलेला धोतर नेसून येतंय. दी गो हिरा, एक डबो माझ्याकडे. झाकण उघडू नको, मढ्याचा भिंग असला तर कौलाक चालूचा नाय."

"आणि नाना दर मर्तिकाक ताच हातात धरून जाय ता?" समीक्षाने विचारलं.

"तू गप ऱ्हव. दोरे जाळतंस नि वर तोंड करतंस!"

समीक्षा तव्याकडे वळली. तिच्या लक्षात एक गोष्ट मात्र आली. सासूबाई अजून एक शब्दही बोलल्या नव्हत्या. एरवी मिठाचा डबा जागेवर नसला तरी ज्या घर डोक्यावर घेतात, त्या आज तांदळातले खडे काढत बसल्या होत्या. तांदूळ निवडून केव्हाच झाले होते.

*

भाई देवळात पोचले तेव्हा गुरव नुकताच पूजा आटपून बसला होता. त्याने पाषाणावर पाणी शिंपडून डावी-उजवीकडे पाकळ्या लावल्या. भाईंनी डबा पुढे ठेवला, हात जोडले आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बाय, आज जो काय तुझो लेकरू तुझ्या पायाशी इलो हा, तेच्या मनात दोन भिंगां आसत. ह्या डब्यातला शुभकार्याचा असात तर उजवी दी, मर्तिकाचा असात तर डावी दी. असाच बोट धरून वाट दाखय गे माये!"

गुरव 'होय म्हाराजा' म्हणाला आणि दोघे पाकळ्यांकडे बघत बसले. पाणी ओघळून गेलं. पाकळी हलली नाही. भाईंनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी जरा नरमाईने. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. पाकळ्या दोन्हीकडे पाषाणाला चिकटून राहिल्या.

"असा होवक नाय कधी," गुरव म्हणाला. "तुमी इचारलास ताच कायतरी चुकला."

भाईंना राग आला. सत्तरीला टेकलेल्या माणसाला गाऱ्हाणं घालता येत नाही म्हणजे काय? पण वाटेत तो राग उतरला आणि नुसती भीती उरली. काळ्याचं भिंग उद्या चुकून हिराने लग्नाला लावलं तर? त्यांची मुलगी योगिनी लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाली होती. तिचा नवरा मालवणच्या ट्रॉलरवर होता, वादळात परतलाच नाही. तेव्हापासून अशा गोष्टींत भाई कुणाचं ऐकत नसत.

*

ते घरी आले तेव्हा निकेत येऊन घराला लागूनच असलेल्या स्टुडिओत चहा पीत बसला होता. तिशीचा, चष्मेवाला, बोलायला नम्र. हिराला तो एवढ्यासाठी आवडला की त्याने स्टुडिओत शिरताना आधी चपला काढल्या.

"बघू का?" त्याने विचारलं. हिराने भाईकाकांकडे बघितलं.

"कौल मेळाक नाय," भाई म्हणाले आणि बाकावर बसले. "तीन फेरी लावलंय. बघू दे तेका आता."

निकेतने पिशवीतून मऊ फडकं काढलं, लहान टॉर्च काढला. पहिलं भिंग उचलून त्याच्या पुढच्या-मागच्या टोप्या काढल्या आणि आरपार उजेड टाकला. "वा!" तो म्हणाला. "काय ठेवलंय हो तुमच्या वडिलांनी! काल घेतल्यासारखं आहे." मग दुसरं उचललं. टॉर्च लावला. पुन्हा लावला. मग त्याने हिराला हाताने जवळ बोलावलं.

हिराने डोळा लावला. काचेच्या आत पांढरं जाळं पसरलं होतं. आंब्याच्या बाठ्याला चिकटलेल्या केसांसारखं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्याच्यापलीकडचा टॉर्च नुसता दुधाळ दिसत होता.

"बुरशी," निकेत म्हणाला. "तुमच्याकडची दमट हवा. पण ही वर्षभरातली नाही. हिने काचच खायला घेतलीय. तीस-चाळीस वर्षं तरी झाली असतील. या लेन्समधून इतक्या वर्षांत धड फोटो निघालेला नाही."

"पण नानांनी मरेपर्यंत फोटो काढले," निलेश म्हणाला. "लग्नाचे काढले, मर्तिकाचेही काढले. माझ्या लग्नात, अठ्ठ्याण्णव साली, त्याच्या आदल्याच आठवड्यात सुताराची म्हातारी गेली होती. दोन्ही फोटो मी बघितलेत. दोन्ही लख्ख आहेत."

"मग सगळं काम एकाच लेन्सवर झालंय," निकेत सहज म्हणाला. त्याला काय ठाऊक, आपण कुठे पाय ठेवला ते.

भाई उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा काळवंडला होता. "एकाच भिंगान? मढ्याक नि व्हकलेक एकाच? म्हणजे नानान गावाक फशिवल्यान? माझ्या योगिनीक तेना त्याच भिंगान... वयनी! ऐकलास? तुमका ठावक होता?"

शेवंती स्टुडिओच्या आतल्या दारात उभी होती. केव्हा येऊन उभी राहिली ते कुणी बघितलं नव्हतं.

"ठावक होता," ती म्हणाली. "बसा भाई."

"मी बसूचंय नाय. माझ्या चेडवाचा कुकू पुसला गेला..."

"बसा म्हणतंय ना!"

भाई बसले. शेवंतीने कमरेची किल्ली काढली, आत गेली आणि लुगड्याच्या घडीत ठेवलेला एक फोटो घेऊन आली. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कोपरा वाळवीने खाल्लेला. तिने तो बुरशीच्या भिंगाशेजारी टेबलावर ठेवला. फोटोत काही नव्हतं. म्हणजे होतं, पण धुकं होतं. धुक्यात पाटासारखं काहीतरी आणि त्यावर एक लहानसा फिकट आकार.

"हो माझो बाळा," शेवंती म्हणाली. "थोरलो."

आपल्याआधी एक भाऊ झाला होता आणि गेला, एवढंच हिराला आणि निलेशला माहीत होतं. त्याचा फोटो आहे हे आज कळत होतं.

"पासष्ट सालचो भादवो," शेवंती बोलायला लागली. तिने कुणाकडे बघितलं नाही. "पंधरा महिन्यांचो होतो. दोन दिस ताप, तिसऱ्या दिसा गेलो. जितो असताना एक फोटो काढूक नाय तेचो. फोटोवाल्याचा पोर! उद्या काढू, गिऱ्हाइकां आटपांदेत, ह्यो फोटोच्यो पिलेटी गिऱ्हाइकांच्यो आसत, नवीन येवंदेत. तसोच गेलो. मगे हेनी कॅमेरो लावल्यानी. मी पाय धरलंय तेंचे. म्हटलंय, तांबड्याचा लावा, तो माझो झील आसा, मढा नाय. ऐकूक नाय. नेम म्हणजे नेम. काळ्याचा भिंग काढल्यानी. पाच पावसाळे ता डब्यात बंद. मर्तिक असला की काढूचा, नाय तर तोंड बघूचा नाय. त्या वर्षी तर शिमग्यापासून उघडूकच नाय होता."

समीक्षाने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या केला, तिने तो बाजूला सारला.

"काळ्या फडक्याखाली गेले नि तेंका धुसर दिसला. तेंका वाटला, आपले डोळे भरले म्हणान दिसता तसा. डोळे पुसल्यानी. परत बघितल्यानी, परत धुसर. म्हणाले, शेवंती, माझ्या डोळ्याचा पाणी थांबणा नाय, तसोच काढतंय. बापूसच शेवटी. डोळ्यातला पाणी खयचा नि भिंगातली बुरशी खयची, तेका काय कळतला? रात्री धुवूक घेतल्यानी, तेव्हा हो असो इलो. तवसर बाळाक पुरून इले होते."

बाहेर एसटीने हॉर्न दिला.

"त्या दिसापासून बरा भिंग मेल्यांका," शेवंती म्हणाली. "मर्तिकाक जाताना तांबडो दोरो सोडून काळो बांधीत, येताना परत तांबडो. मी इचारलंय, लोकांका काय सांगशात? म्हणाले, लगीन बिघडला तर जोडप्याक परत बसवून काढता येता. मेल्याक परत खंयसून हाडू? बरा भिंग तेंकाच व्हया. आणि ह्या दुसरा धुवूक मुंबैक धाडा म्हटलंय, तर नको म्हणाले. ऱ्हवांदे तसाच."

भाईंच्या घरी देवखोलीच्या भिंतीवर राधाबाईंचा फोटो होता. बायको एक्याण्णव साली गेली, तेव्हा नाना रात्रीचे सायकल मारत आले होते आणि पहाटे फोटो काढला होता. नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा इतका स्वच्छ. कपाळावरची लहानपणीची खोच दिसायची. भाई पंधरा वर्षं रोज त्या फोटोपुढे दिवा लावत होते आणि बायकोशी चार शब्द बोलत होते. त्या ठिकाणी हा असा धुक्याचा पुठ्ठा असता तर, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना धड बसवेना.

"योगिनीचो घोव वादळात गेलो, भाई," शेवंती आता हळू बोलली. "भिंगान बुडवल्यान नाय तेका. त्याच भिंगासमोर ही समीक्षा बसलेली. दोन पोरांची आवस झाली, आठ वर्षां सुखान नांदता."

"माका कळला, वयनी," भाई म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "देवीक मी इचारलंय, दोनातला खयचा? दोन होतीच खंय? ती बिचारी काय सांगतली?"

*

निकेतला आपण उठून जावं की बसावं ते कळेना. शेवटी तो म्हणाला, "काकू, मला माहीत नव्हतं. पण मी अजूनही जोडी घ्यायला तयार आहे. बुरशी साफ करणारा माणूस आहे पुण्यात. बोललो तेवढेच देईन, कमी करणार नाही."

"साफ करतलो?" शेवंतीने विचारलं. मग बुरशीचं भिंग उचलून पदरात घेतलं. "ह्या नाय मेळूचा. माझ्या बाळाक ह्या भिंगान बघितल्यान. त्या फोटोत दिसूक नाय, तरी बघितल्यान. बाकी आता कोण आसा तेका बघितलेलो?"

निलेशने चष्मा काढून पुसला. सकाळी दोन्ही भिंगं विकून मोकळा होऊ बघणारा माणूस तोच होता. "निकेत, माफ करा. आम्हाला काहीच विकायचं नाही. दोन्ही घरात राहतील. काचेचं कपाट करून घेतो मी."

"दादा," हिरा म्हणाली, "थांब."

तिचं सगळं एव्हाना ठरलं होतं. कधी ठरलं ते तिला सांगता आलं नसतं. बहुतेक नाना बरं भिंग कुणासाठी ठेवत ते ऐकलं तेव्हाच.

"तू शनिवारी येतलंस, कपाट उघडून बघतलंस, रडतलंस नि रविवारच्या गाडयेन कणकवलेक जातलंस. माका सोमवारी दुकान उघडूचा आसा. नानांनी भिंगां नाय सांभाळल्यानी, माणसां सांभाळल्यानी. माणसांपायी स्वतःचो नेम मोडल्यानी आणि चाळीस वर्षां कोणाक सांगूक नाय. मी त्याच नानांचा चेडू. माका बरा भिंग कपाटात नको. माका जत्रेत दुकान व्हया."

"अगो, सकाळी तूच म्हणी होतंस, तांबड्याचा देवचंय नाय म्हणान!"

"सकाळी तांबड्याचा नि काळ्याचा होता. आता एक बघणारा आसा नि एक आंधळा. आंधळा आयेचा. बघणारा माझा, आणि मी ता विकतंय."

"हिरा बरा बोलता," समीक्षा म्हणाली. नवऱ्याने वळून बघितलं तरी तिने माघार घेतली नाही. "दोरे मी जाळले, तेचो गुन्हो कबूल. पण जळले ते बरेच जळले. नाय तर आई मरेसर बोलूच्यो नाय होत्यो."

हिरा निकेतकडे वळली आणि तिची भाषा बदलली. स्टुडिओत बाहेरच्या माणसाशी ती असंच बोलायची, पुस्तकातल्यासारखं. "जोडी नाही मिळणार. जोडी पासष्ट सालीच मोडली. चांगली लेन्स देते, लाकडी कॅमेरा देते, आतला एन्लार्जरही देते. जोडीला बोललात त्यातलं किती कमी करायचं ते तुम्ही सांगा. फार कमी केलंत तर घावणे खा आणि सुखरूप कोल्हापूरला जा. मी डिजिटल लहान घेईन, पण घेईन."

निकेतने चष्म्यातून तिच्याकडे, मग शेवंतीच्या पदराकडे बघितलं. तो जोडीसाठी दीडशे किलोमीटर आला होता. त्याने आकडा सांगितला. हिराने वाढवून सांगितला. भाईंनी मध्ये तोंड घातलं आणि दोघांच्या मधला ठरवला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच भाईंचं कुणीतरी ऐकलं.

"पण संध्याकाळी न्या," हिरा म्हणाली. "आधी एक फोटो काढायचाय."

खोक्यात नानांच्या वेळच्या चार फिल्म उरल्या होत्या. मुदत उलटलेल्या, पण थंड जागी ठेवलेल्या. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरचीही गरज नव्हती, कागदावर ठेवून उजेड दाखवला की झालं. हिराने कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला, भिंग बसवलं. भाईंनी आपल्या घरून हातांची खुर्ची आणली. ती आणायला सांगितलं नव्हतं कुणी. समीक्षाने सासूचे केस विंचरले आणि शुभकार्य म्हणून देवापुढचा तांबडा दोरा घेऊन आली.

"दोरो नको," हिरा म्हणाली.

"मेल्यांच्या भिंगान जित्या माणसाचो काढतंस," भाई पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, "काढ, काढ. जिती आसत तवसर काढ. आणि मगे माझोय काढ."

शेवंती खुर्चीत बसली. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात या स्टुडिओत ती झाडू मारायला आली होती, चहा घेऊन आली होती, कॅमेऱ्यासमोर कधी बसली नव्हती. बुरशीचं भिंग तिने ओटीत ठेवलं आणि बाळाचा पुठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी उभा धरला, तोंड कॅमेऱ्याकडे करून.

हिरा काळ्या फडक्याखाली शिरली. आत नानांच्या विडीचा वास अजून होता. काचेवर आई उलटी दिसली, पाय वर आणि डोकं खाली, आणि धुसर दिसली.

हिराने फडक्यातून हात बाहेर काढून भिंग चाचपलं, टोपी पूर्ण निघाली होती. टॉर्चने बघितलेलं होतं, काच स्वच्छ होती. मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. आई स्पष्ट दिसली. गळ्यातली तुळशीची माळ दिसली, हाताच्या शिरा दिसल्या, पुठ्ठ्याचा वाळवीने खाल्लेला कोपरा दिसला, आणि त्यातलं धुकंही कणाकणाने दिसलं. या वेळी नुसते डोळेच होते.

तिने फिल्म सरकवली, टोपी लावली आणि फडक्याबाहेर आली. "आये, आता हलू नको. मी दहा मोजीसर श्वास धर."

"मी हलूचंय नाय," शेवंती म्हणाली. "माझा सोड. बाळा येता मा गो त्याच्यात?"

"येता, आये," हिरा म्हणाली आणि तिने टोपी काढली.